लिगोरूचा हात

विचारायची रीत असते. शेजारणीच्या परड्यातलं लिंबू तोडायचं झालं तरी माणूस कुंपणाबाहेरून हाक मारतो. आणि हा पोटचा पोरगा, पंचावन्न वर्षांचा बाप्या, डोक्यावर केस उरलेले नाहीत आणि वर्तमानपत्रात दर आठवड्याला फोटो, यानं आईचा हात तिला न विचारता उचलला आणि भरल्या थिएटरात देऊन टाकला. तोही कुणाला, तर तिच्या नवऱ्याच्या मारेकऱ्याला. लिगोरू तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसली होती. समोर रंगमंचावर एक नटी काळं नेसून, लिगोरू बांधते तसाच हनुवटीखाली काळा रुमाल बांधून, दगडी अंगणात उभी होती. तिच्या पायाशी एक माणूस बोडक्या डोक्यानं गुडघ्यांवर रांगत आला होता. आणि त्या नटीनं पोटाशी बांधलेल्या फडक्याखालून उजवा हात काढला, पुढे केला, आणि त्या माणसानं त्यावर ओठ टेकले. उकळतं तेल सांडावं तसा लिगोरूचा मांडीवरचा हात आखडला. बोटांच्या पाठीवर तिला खरोखरच ओठ जाणवले, म्हाताऱ्या माणसाचे, ओले. तिनं हात झग्याला पुसला. पुन्हा पुसला. "मी दिला नव्हता," ती म्हणाली, आणि हळू बोलायची सवय तिला कधीच नव्हती. शेजारी बसलेल्या मुलीनं, पोतित्सानं, तिची मांडी दाबली. पुढच्या रांगेतल्या अत्तर लावलेल्या बाईनं मागे वळून ओठांवर बोट ठेवलं. लिगोरूनं त्या बाईकडे असं पाहिलं की बाईनं मान पुन्हा पुढे केली ती शेवटपर्यंत हलवली नाही.

मुळात ती आलीच नसती. विधवेनं टाळ्या वाजतात तिथे जायचं नसतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, ते हाडातच होतं. जानेतोसची याआधीची आठ नाटकं अथेन्समध्ये झाली, परदेशात झाली, राजदूतांनी पाहिली. तिनं एकही पाहिलं नाही. लोक येऊन सांगत. तुमच्या मुलाच्या प्रत्येक नाटकात कुणीतरी गुडघ्यांवर बसतं हो, आणि कुणीतरी हात लपवून उभं राहतं. एक प्राध्यापक पोतित्साच्या घरी आला होता, बोकडदाढीवाला, आणि जानेतोसच्या लहानपणाबद्दल विचारत होता. अशी भाषा, म्हणे, हातोड्यानं दगड फोडल्यासारखी छोटी छोटी वाक्यं, ती कुठून आली. लिगोरूनं त्याला कॉफी दिली आणि पोरगा लहानपणी नीट जेवायचा एवढं सांगितलं. त्याला काय सांगायचं. ती वाक्यं कुठून आली हे तिला त्या प्राध्यापकाहून चांगलं ठाऊक होतं. खाली मानी प्रांतात, जिथे जमीन दगड होऊन समुद्रात उतरते, तिथे मयतावर बायका गातात, आणि पाच गावांत मयत झालं तर लिगोरूला बोलावणं यायचं. आठ ठोक्यांची एकेक ओळ. छातीवर मूठ मारायची आणि ओळ संपवायची, मूठ मारायची आणि ओळ संपवायची. बायकांच्या झग्यांमध्ये, प्रेताच्या पायाशी, हा पोरगा उकिडवा बसलेला असायचा आणि गुडघ्यावर बोटांनी ठोके मोजायचा. इतर पोरं बाहेर गोफण फिरवत. याला हाकललं तरी हा परत यायचा, मांजरासारखा.

या वेळी तो स्वतः आला होता. पोतित्साच्या स्वयंपाकघरात बसून त्यानं घेवड्याचं कालवण खाल्लं, पावानं ताटली पुसून काढली, आणि बोलायचं ते ताटलीकडे बघत बोलला. या वेळी ये, आई. तिसऱ्या रांगेत जागा धरलीय, कडेला, म्हणजे पाय लांब करता येतील. ती म्हणाली, भित्र्याला आज आई कशी आठवली. ती त्याला भित्रा म्हणायची, तोंडावर, फोनवर, लोकांत, इतकी वर्षं म्हणायची की त्या शब्दाला आता धार उरली नव्हती आणि तो त्या नावाला ओसुद्धा द्यायचा. तो हसला नाही. "ये," एवढंच म्हणाला, आणि निघताना तिचा हात हातात घेऊन पाहिला. एखादा नवा घेतलेला अवजाराचा दांडा पाहावा तसा, उलटा केला, सुलटा केला, गाठी पाहिल्या. तेव्हाच तिला कळायला हवं होतं.

दिवे मालवले आणि रंगमंचावरचा उजेड पहिल्या रांगेवर सांडला, तेव्हा तिला ते दिसलं. पहिल्या रांगेत, अगदी तिच्यासारखाच कडेच्या खुर्चीवर, एक म्हातारा बसला होता. काळा कोट, मळकट पांढरी मान, मानेवर आडव्या सुरकुत्या, जुन्या चामड्याच्या पट्ट्यासारख्या. आणि उजवा कान अर्धा. वरचा अर्धा, खालचा नाही. जिथे पाळी असायची तिथे कातडी वितळून गोळा झाल्यासारखी होती. लिगोरू खुर्चीत पुढे सरकली. तो कान तिच्या मोठ्या मुलानं, लिंबेरिसनं, गिरणीच्या वाटेवर उडवला होता. पियेरोस. निकितासचा सख्खा चुलतभाऊ, तिच्या लग्नात तिच्यासाठी बंदुकीचे बार काढणारा, तिला वैनी म्हणणारा, आणि मग एका टाक्याच्या पाण्यावरून, पावसाचं पाणी साठवायच्या दगडी टाक्यावरून, तिच्या नवऱ्याच्या पोटात दोन गोळ्या घालणारा पियेरोस. पुढे कधीतरी पकडला गेला आणि तुरुंग भोगून पिरिअस बंदरात राहायला गेला असं तिनं ऐकलं होतं. मेलाही असेल असं तिला वाटायचं आणि तसं वाटलं की तिला झोप लागायची नाही, कारण अंथरुणात मेला असेल तर तो सुटला.

रंगमंचावर माणसं बोलत होती, पण ती आता फक्त मान बघत होती. तिच्या झग्याच्या खिशात निकितासचा चाकू होता, ऑलिव्हच्या झाडांना कलम करायचा, मिटवता येणारा, शिंगाच्या मुठीचा. इतकी वर्षं ती त्यानंच पाव कापत आली होती, चीज कापत आली होती, आणि दर आठवड्याला दगडावर घासून धार लावत आली होती. पोतित्सा म्हणायची, आई, चिजाला एवढी धार कशाला लागते. तिचा हात खिशात गेला आणि शिंग तिच्या तळव्याला ओळखीचं लागलं, गार नाही, अंगाइतकंच ऊन. आणि तेव्हा, एकाएकी, तिला सगळं समजलं असं वाटलं. कडेची खुर्ची. तिसरी रांग. त्याची पहिली, तिची तिसरी, मध्ये फक्त अत्तरवाली बाई. पोरानं त्याला आणून बसवला होता. चाळीस वर्षं गप्प राहिलेला, बंदूक भिंतीला टेकवून पळून गेलेला, कागदावर खून करून टाळ्या घेणारा तिचा पोरगा अखेरीस जागा झाला होता आणि त्यानं आपल्या आईसाठी दबा धरला होता. स्वतःला जमत नाही तर निदान तिला जवळ आणून दिलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती रडत नव्हती, ती मयतावरही डोळ्यांनी कधी रडली नव्हती. पण हे पाणी वेगळं होतं, पहिल्यांदा दूध उतरतं तेव्हा छातीत येतं तसं. मान कुठे चिरायची ते ती बघू लागली. कॉलरच्या वर, कानाच्या खाली, जिथे शीर असते. बकरा कापताना उजव्या हातानं मान मागे ओढतात आणि डाव्यानं... नाही, ती डावरी नव्हती. डाव्यानं ओढायची, उजव्यानं चिरायची. टोपीखालून दिसणारे केस विरळ होते, धरता येतील एवढे मात्र होते.

निकितासला दरवाज्याच्या फळीवर घालून आणला होता. दोन माणसांनी फळी अंगणात ठेवली तेव्हा फळीच्या कडेनं रक्त पाझरून दगडांच्या सांध्यांत गेलं, आणि नंतर कितीही राख टाकून घासलं तरी ते सांधे काळेच राहिले. तिनं पहिल्यांदा काय केलं असेल तर त्याचा सदरा वर सारून जखमेत बोट घातलं. दुसऱ्या जखमेत दुसरं. किती आत जातं ते बघायचं होतं तिला. मांस अजून गरम होतं. मग तिनं कात्री मागवली, आपली वेणी मुळाशी कापली आणि त्याच्या छातीवर ठेवली, आणि नखांनी आपले गाल ओरबाडले, आणि बायका भोवती बसल्या, आणि तिनं आठ ठोक्यांची पहिली ओळ म्हटली. त्या ओळीत पियेरोसचं नाव होतं. दुसऱ्या ओळीत त्याच्या बापाचं. अंगणातले पुरुष भिंतीला पाठ लावून ऐकत होते आणि त्यांना कळत होतं की ही नुसतं रडत नाहीये, ही शिक्षा सांगतेय. लिंबेरिस तेव्हा बारा वर्षांचा होता, तो बापाच्या डोक्याशी उभा होता. पोतित्सा पाळण्यात. आणि सहा वर्षांचा जानेतोस प्रेताच्या पायांशी, फळीला गाल लावून, बोटांनी ठोके मोजत.

एक वर्षानं पियेरोस आला. त्यांच्यात रीत आहे: ज्याला रक्त थांबवायचं असेल त्यानं शस्त्राशिवाय, बोडक्या डोक्यानं, गावादेखत, मेलेल्याच्या दारापासून आत गुडघ्यांवर यायचं आणि त्याच्या आईचा किंवा बायकोचा हात चुंबायचा. हात मिळाला तर संपलं, नातवंडांपर्यंत संपलं. नाही मिळाला तर नाही. पाद्री सोबत आला होता, पियेरोसची आई रडत होती, अख्खं गाव भिंतींवर बसलं होतं. तो अंगण रांगत आला तेव्हा त्याच्या गुडघ्यांखाली खडे करकरत होते, आणि तो त्याच काळ्या सांध्यांवरून आला. लिगोरूनं त्याचं डोकं पाहिलं, भोवऱ्यापाशी केस कसे फिरतात ते पाहिलं, निकितासचा भोवरा तसाच होता. तिनं हात पोटाशी बांधलेल्या फडक्याखाली घातला. पाद्री म्हणाला, बाई, देवासाठी. तिनं दुसराही हात आत घातला. "जा," ती म्हणाली, "बंदूक घेऊन ये. मग बोलू." आणि पियेरोस तसाच गुडघ्यांवर मागे गेला, कारण उठून जाणं त्याहून वाईट झालं असतं. त्या रात्री तिला जे वाटलं ते आनंदाच्या इतकं जवळचं होतं की तिनं त्याला दुसरं नाव द्यायचं कधी ठरवलंच नाही. दुसऱ्या दिवशी गच्चीवर जानेतोस खेळत होता. फड्या निवडुंगाची पानं तोडून त्यानं माणसं केली होती, काटेकुटे तसेच ठेवून. एक पान दुमडून गुडघ्यांवर बसवलं होतं. दुसरं समोर उभं होतं, आणि त्याला हात नव्हते. पोरगा दोन्ही आवाजांत बोलत होता. तिनं ती पानं पायाखाली चिरडली, काटे वहाणेतून आत घुसले, आणि पोराच्या पाठीत एक धपाटा घातला. तो रडला नाही. पुढच्या दिवशी पुन्हा पानं उभी होती. तिनं पुन्हा चिरडली. हे किती दिवस चाललं कोण जाणे. आता लोक तिकीट काढून बघायला येतात.

लिंबेरिसनं विचारलं होतं. एकोणीस वर्षांचा झाल्यावर एका सकाळी दाराशी उभं राहून, बंदूक खांद्याला लावण्याआधी, त्यानं विचारलं होतं: आई, नेऊ? ती म्हणाली होती, ने. पहिल्या गोळीनं पियेरोसचा कान गेला आणि दुसरीनं त्याचा भाऊ. दोन दिवसांनी त्यांच्या माणसांनी लिंबेरिसला देवळामागच्या वाटेवर गाठला. त्याच्या तोंडावर गोळी मारली होती, ते ठरवून, तिला चेहरा मिळू नये म्हणून. तिनं ते तोंड कापडानं बांधलं आणि कापडावरून गायली. तीन दिवस गायली. आणि मयत उठल्यावर तिनं तेरा वर्षांच्या जानेतोसच्या हातात तीच बंदूक दिली. त्यानं ती घेतली. नळी हुंगली. मग भिंतीला नीट टेकवून ठेवली, पडू नये अशी, आणि म्हणाला, "आई, दादाच्या गाण्यात एक ओळ आखूड होती. चेहऱ्याची." तिनं त्याच्या कानशिलात अशी मारली की त्याच्या नाकातून रक्त आलं आणि नुकत्याच राखेनं घासलेल्या दगडांवर पडलं. सकाळी तो कोळशाच्या गलबतात बसून निघून गेला. चेहऱ्याची ओळ खरंच आखूड होती. तिला चेहरा आठवला नव्हता त्या घटकेला, म्हणून ठोका चुकला होता, आणि पन्नास बायकांतल्या एकीलाही कळलं नव्हतं. ते आखूड राहिलेलं अजूनही कधी कधी, भांडी घासताना, तिच्या छातीत ठोका टाकायचं आणि पुढे काही नसायचं.

म्हणून मान बघत असताना तिला वाटलं, आता ती ओळ पुरी होईल. वाटलं एवढंच नाही, तिला शब्दसुद्धा सुचू लागले. चाकू तिनं खिशातल्या खिशात उघडला. पातं तळव्यात आडवं धरून पाहिलं आणि हात पुन्हा मांडीवर आणला. नाटक संपलं की लोक उठतील, गर्दी होईल, म्हातारा काठी शोधेल. आणि नेमकं तेव्हाच रंगमंचावर ते अंगण आलं, पाद्री आला, भिंतींवर गाव बसलं. दगडांचे सांधेसुद्धा काळे रंगवले होते. सहा-सात वर्षांच्या पोराला ते आठवत असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. माणूस रांगत आला. नटीनं हात फडक्याखाली घातला, तस्साच, अंगठा आधी. लिगोरू मनात म्हणाली, आता म्हण. म्हण, बंदूक घेऊन ये. आणि नटीनं हात बाहेर काढला.

टाळ्या सुरू झाल्या. लोक उभे राहिले. तिला टाळ्या दगडांसारख्या ऐकू येत होत्या, वरून कुणी ओतत असल्यासारख्या. नट ओळीनं वाकले, मग जानेतोसला बाहेर ओढून आणलं. तो साध्या कोटात, हात लोंबते सोडून, रंगमंचाच्या कडेला आला. त्यानं वाकून अभिवादन केलं नाही. टाळ्या थांबेपर्यंत थांबला आणि मग बोलला, माईकशिवाय, तिच्यासारखाच, हळू न बोलता. म्हणाला, हे अंगण आमचं आहे. निकितासचा मी मुलगा, आता त्या घरातला एकटाच पुरुष. इथे जे दिलं गेलं ते आमच्या घरानं दिलं आहे, असं सगळ्यांनी धरावं. लोकांना वाटलं ही नाटकवाल्यांची बोलायची तऱ्हा असेल, त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. फक्त दोघांना कळलं. पहिल्या रांगेतल्या अर्ध्या कानाच्या म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली. आणि लिगोरूचा हात पुन्हा खिशात गेला, तळव्यात पातं थोडं आत शिरलं.

चारचौघांत घरातल्या पुरुषानं दिलेला शब्द परत फिरत नाही. एका ईस्टरला निकितास देवळाच्या अंगणात दारू पिऊन बसला होता आणि त्यानं सगळ्यांदेखत वरचा ऑलिव्हचा तुकडा मेव्हण्याला देऊन टाकला होता. घरी आल्यावर तिनं त्याला एवढ्या शिव्या घातल्या की त्याला कुत्र्याजवळ झोपावं लागलं. पण उजाडल्यावर मेव्हण्याला बांध दाखवायला तीच गेली होती, ताठ मानेनं, झाड झाड हातानं दाखवत. उद्या कुणी म्हणायला नको की या घराचा शब्द बायको मोडते. लिंबेरिस त्याच शब्दावर मेला. तिनं प्रेतावर दिलेल्या शब्दावर. घराचा शब्द खोटा ठरला तर तो कशासाठी मेला, नुसत्या एका कानासाठी? हे सगळं तिनं जिना उतरताना मनाशी मांडलं नाही. ते तिच्या पायांत आपोआप होतं. पोतित्सा म्हणत होती, आई, मागच्या दारानं जाऊ, तू पांढरी पडलीयस. लिगोरू म्हणाली, मागच्या दारानं चोर जातात.

खालच्या दालनात संगमरवरी खांब होते आणि माणसं पेले हातात घेऊन उभी होती. पियेरोस त्या सगळ्यांच्या मधून आला. काठी त्यानं खांबाला टेकवून ठेवली, पडू नये अशी नीट. मग खांब धरून एक गुडघा टेकला, तो टेकताना कडकन वाजला, मग दुसरा. लोक बाजूला झाले. कुणीतरी फोटो काढला. तो तिच्यापर्यंत रांगत आला, फरशी गुळगुळीत होती, खडे नव्हते, तेवढंच काय ते त्याला सोपं होतं. "वैनी," तो म्हणाला, "तुमच्या घरानं शब्द दिला. मी माझ्या कानांनी ऐकला." आणि मग, ऐंशी वर्षांचा म्हातारा, त्याच्या तोंडून जरा गमतीनं निघून गेलं, "दीड कानांनी."

ती हसली असती. वैनी आणि दीर म्हणून ते दोघं कधीकाळी खूप हसले होते, लग्नाच्या दिवशी, टाक्यापाशी, तो नेहमी असंच काही बोलायचा. मान तिच्या पुढ्यात होती. वाकलेली, कॉलरपासून सुटलेली, शीर उडताना दिसत होती. भोवऱ्याच्या जागी आता टक्कल होतं, पण उरलेले केस तसेच फिरत होते. खिशात पातं उघडं होतं. तिनं मान वर केली आणि गर्दीत जानेतोसला शोधलं. तो खांबापाशी उभा होता. सिगारेट नव्हती, पेला नव्हता. हात मोकळे. पुढे आला नाही, आडवा आला नाही, डोळ्यानं विनवलंही नाही. नुसता बघत होता, पापणी न हलवता, फास लावून ससा यायची वाट बघताना निकितास बघायचा तसा. आणि तेव्हा तिला दुसऱ्यांदा समजलं, आणि या वेळी बरोबर समजलं. दबा तिच्यासाठीच होता. पण तिनं धरायचा नव्हता. तिच्यावर धरलेला होता. आठ नाटकं तो जागा शोधत होता. गच्चीवरच्या निवडुंगाच्या बाहुल्यापासून शोधत होता. तिनं चिरडलं की पुन्हा उभं करत होता, आणि आज त्यानं त्या बाहुल्याला हात बसवला होता.

चाकू धरून हात बाहेर काढता आला असता. तेवढा वेळ होता. तो घटकाभर खिशातच राहिला, आणि त्या घटकेत तिला तिची सगळी वर्षं हाताला लागली, शिंगासारखी, अंगाइतकी ऊन. मग तिनं बोटं एकेक करून सोडली. चाकू खिशाच्या तळाशी पडला. हात बाहेर आला तेव्हा तळवा चिरलेला होता, रक्त मनगटावर आलं होतं, कुणीतरी बाई ओरडली. लिगोरूनं हात पुढे केला. अंगठा आधी. पियेरोसनं तो दोन्ही हातांत घेतला आणि ओठ टेकले, आणि ओठ ओले नव्हते, मघाशी तिला वाटलं होतं तसे नव्हते. कोरडे होते, कागदासारखे. त्यानं तोंड वर केलं तेव्हा त्याच्या ओठांवर आणि हनुवटीवर तिचं रक्त होतं. तो रडत होता. आजूबाजूचे लोक टाळ्या वाजवू लागले. तिनं त्यांच्याकडे वळून पाहिलं आणि टाळ्या ज्या क्रमानं सुरू झाल्या त्याच क्रमानं थांबल्या.

पोतित्सा पियेरोसला उठवत होती. जानेतोस खिशातला रुमाल काढत पुढे आला, "आई, बघू हात," म्हणाला, आणि त्याचा आवाज आता कुठे हलला. तिनं त्याला हात दिला नाही. रक्त तिनं झग्याला पुसलं, एकदाच, आणि त्याच्यासमोर उभी राहिली. तिला मान वर करून बोलावं लागलं, तो उंच होता, लिंबेरिस झाला असता तेवढा.

"तुझ्या भावानं माणूस मारला तो मला विचारून," ती म्हणाली. "तू माझं वैर मारलंस, न विचारता. पोरांना पोसलं नसेल तेवढं मी ते पोसलं होतं. आता घरी जाऊन मी काय करायचं ते तू लिहिलेलं नाहीस." तो काही बोलणार होता. तिनं बोलू दिलं नाही. "जागा तू धरलीस. साक्षीदार तू जमवलेस. माझी खुर्चीसुद्धा तूच ठरवलीस, आणि इतकी वर्षं हूं की चूं केलं नाहीस. तुझ्या बापाला एवढी कळ कधी काढता आली नसती." तिनं चिरलेला हात वर केला आणि त्याच्या गालावर ठेवला, तिनं एकदा मारली होती त्याच गालावर, आणि हात काढला तेव्हा पाचही बोटं तिथे लाल उमटलेली होती.

"गावात मी सगळ्यांना सांगत आले, माझा धाकटा भित्रा निघाला म्हणून. भित्रा नाहीस तू, जानेतो. आमच्यातलाच आहेस."